डब्याखालचा हात

सिताबाईंनी डोक्यावरचा पत्र्याचा डबा दोन्ही हातांनी उतरवला, पोटाशी धरला आणि समोरच्या मोबाइलकडे पाहिलं. मोबाइल तांदळाने भरलेल्या भगुन्यात उभा खोचून ठेवला होता.

"इकडं न्हाय बघायचं, आत्या. सरळ समोर बघा, आन् टाका."

"टाकते."

त्या गुडघ्यांत वाकल्या. डबा खाली गेला आणि फरशीला टेकला. तेवढ्यात बाहेर हायवेवरून एक ट्रक गेला, त्याचाच काय तो आवाज झाला.

त्यांची सून समृद्धी भगुन्यामागून उठून पुढे आली. "हा ठेवलाव तुमी. मला टाकायला पायजे. हातातनं सुटल्यावर कसा पडंल, तसा."

"बरं. आता टाकते बघ."

दुसऱ्यांदाही डबा तसाच खाली आला. तिसऱ्या वेळेला सिताबाईंनी विचारलं, "डोळे झाकले तर चालतंय का?"

"झाका."

डोळे झाकल्यावर त्यांचे हात आणखीच सावध झाले. मांजरीने पिल्लू ठेवावं तसा डबा जमिनीवर आला. समृद्धीला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. तिने मोबाइल उचलून पदराला पुसला.

"शनिवारपर्यंतच दिवस हायत, आत्या," ती म्हणाली.

धाराशिवला मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, वर्षभराचा एक वर्ग चालायचा. संगणकात बाहुली उभी करायची आणि तिला माणसासारखं हलवायचं, हे तिथे शिकवत. समृद्धी मूळची तेर गावची, बारावी शिकलेली. लग्नानंतर दोन वर्षं घरात काढून तिने या वर्गात नाव घातलं होतं आणि तेरखेड्याहून आठवड्यातले चार दिवस सकाळची एसटी धरून ती येरमाळ्यावरून धाराशिवला जात होती. सरांनी सगळ्या मुलांना एकच बाहुली दिली होती. करडा रंग, डोक्याच्या जागी नुसता गोळा, नाक नाही, डोळे नाहीत. चेहऱ्याच्या आधाराने काही सांगायचं नाही, अंगाने सांगायचं. पहिल्यांदा चेंडू उसळवून झाला, मग बाहुली चालवून झाली. आता शेवटचं काम राहिलं होतं. बाहुलीने एक जड वस्तू उचलायची, चार पावलं न्यायची आणि खाली टाकायची. ज्यांचं काम जमेल त्यांचं सर पुण्याच्या एका स्टुडिओला पाठवणार होते. तिथून होकार आला तर धाराशिवच्या वर्गात बसूनच पुढची कामं करता येणार होती.

समृद्धीचं काम दोनदा परत आलं होतं. तिने ते सिताबाईंना मोबाइलवर दाखवलंही होतं. डोक्यावर पेटी घेतलेली बिनचेहऱ्याची बाई चालत येई आणि पेटी जमिनीवर ठेवी.

"सर म्हणले, ह्याला वजनच न्हाय. पेटी टेकली तर खांदा हलला पायजे, गुडघ्याला हिसका बसला पायजे. म्हणले, तुझी बाई पेटी टाकती, का देवापुढं फूल ठेवती?"

"मग चांगलंच म्हणले की."

"चांगलं कुठलं ओ? नापास म्हणले."

चहाच्या वेळेला सिताबाईंचा मुलगा धनाजी आला. तो शाळेची व्हॅन चालवायचा. पोरं सोडून आला की अर्धा तास घरी टेकायचा. जमिनीवरचा डबा आणि भगुन्यातला मोबाइल बघून त्याने सगळं ओळखलं.

"एवढंच ना? आण इकडं."

त्याने डबा खांद्यापर्यंत उचलला आणि आदळला. डब्याचा एक कोपरा आत गेला. सिताबाई चुलीजवळ होत्या. त्यांनी आवाज व्हायच्या आधीच मान फिरवली होती.

समृद्धीने मोबाइलवर ते पुन्हा लावून बघितलं. "हे टाकणं न्हाय, फेकणं झालं. माझी बाई अशी न्हाय टाकणार. हा कुस्तीतला पैलवान वाटतोय."

"तुझी बाई लई नाजूक हाय बाबा," धनाजी हसला. चहाचा घोट घेत तो जरा थांबला आणि सहज बोलावं तसं म्हणाला, "न्हाय जमलं तर न जमू दे. काल फटाक्याच्या कारखान्याचे मालक भेटले हुते. दिवाळीच्या आधी लेबलं लावायला बाया पायजेत म्हणले. सावलीतलं काम हाय, दारूला हात लावायचा न्हाय. मायनं अडतीस वर्षं काडली की तिथं."

सिताबाईंनी त्याच्या पुढची रिकामी बशी उचलली.

"म्या बी लेबलं लावायलाच गेले हुते," त्या म्हणाल्या.

कप खाली ठेवून धनाजी उठला. कपाचा आवाज झाला नाही; या घरात वाढलेला मुलगा होता.

तेरखेड्याच्या माळावर फटाक्यांच्या शेड्स एकमेकींपासून लांब लांब उभ्या असतात. एकीला काही झालं तर दुसरीपर्यंत पोहोचू नये, एवढं अंतर मधे ठेवलेलं असतं. सिताबाई तिथे पहिल्यांदा गेल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. लग्नाला वर्ष झालं होतं. चपला दाराबाहेर काढायच्या, अंगावर सुती लुगडंच हवं, लोखंडाचं काही आत न्यायचं नाही, धावायचं नाही, आणि कोणतीही वस्तू आपटायची नाही, एवढं पहिल्या दिवशी सांगितलं गेलं. लेबलांचं काम दोन महिने चाललं. मग नळ्या वळायला बसवलं, मग वाती लावायला, मग भरलेल्या पेट्या एका शेडमधून दुसरीकडे न्यायला. कधी काय बदललं ते त्यांना आठवायचं झालं तर नीट आठवतही नसे. सबंध जिल्ह्याच्या दिवाळीला आवाज पुरवणाऱ्या त्या बाया संध्याकाळी घरी आल्या की भांड्याला भांडं लागू देत नसत. गल्लीत एखाद्या घरातून ताट पडल्याचा आवाज आला, तर ते घर कारखान्यात न जाणाऱ्याचं आहे, हे बाहेरूनच कळे.

त्या कामाबद्दल सिताबाई कधी वाईट बोलल्या नव्हत्या. त्यावर घर उभं राहिलं होतं. पण गुडघे गेले म्हणून काम सोडलं, त्या दिवशी त्यांनी आपलं सुती लुगडं धुऊन, घडी करून ट्रंकेत ठेवलं होतं. ते पुन्हा कुणी बाहेर काढू नये, असं त्यांना वाटत होतं. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

दुपारी समृद्धी मोबाइल घेऊन दारात बसली होती. सकाळची चित्रफीत ती बोटाने एकेक चित्र पुढे सरकवून बघत होती. एका सेकंदात चोवीस चित्रं असतात, हे तिने सिताबाईंना मागेच सांगितलं होतं. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "एवढी मोजीत बसलीस तर सैपाक कवा करशील?"

"आत्या, जरा इकडं या. तुमचा डावा हात बघा."

सिताबाई तिच्याजवळ टेकल्या. पडद्यावर त्यांना आपलीच वाकलेली पाठ दिसली आणि ओळखू आली नाही.

"हे बघा. उजव्या हातानं डबा पोटाशी दाबला. आन् डावा हात सुटला. डबा अजून वरच हाय, आन् हात पहिल्यांदा फरशीवर गेलाय. पालथा. मग डबा त्या हातावर आला. मग हात निघाला." तिने पुढची चित्रफीत लावली. "ह्याच्यात पण. डोळे झाकले तरी तसंच. का ओ?"

सिताबाईंनी आपला डावा हात वर करून बघितला.

"असं करते म्या?"

"दर वेळी."

समोर उन्हात शेजारीण सिद्धम्माच्या अंगणात वाळवण पडलं होतं. त्याकडे बघत त्या बोलू लागल्या.

"लक्ष्मीबाई म्हणून हुती. आमच्या शेडीत सगळ्यात जुनी. नवी पोरगी आली की तिला पेटी ठेवायला तीच शिकवायची. सांगायची न्हाय काय. खाली बसायची, आन् आपला हात जमिनीवर पालथा ठेवायची. म्हणायची, ठेव माझ्या हातावर. दुखलं तर म्या वरडते."

"भरलेली पेटी?"

"मातीनं भरलेली. शिकताना दारूची कोण देतंय? पंधरा दिवस म्या तिच्या हातावर पेट्या ठेवल्या. दिवसातनं पन्नास बार. ती एकदाबी वरडली न्हाय. मला वाटलं, लई छान ठेवाय लागले म्या." सिताबाईंनी पदराने ओठ पुसले. "एका सांजंला हौदावर हात धुताना बघितला तिचा हात. सगळी पेरं काळी-निळी. सुजलेली. म्या म्हणलं, मावशी, वरडलाव का न्हाय? तर म्हणली, वरडले असते तर तू भिऊन ठेवलं असतंस. भिऊन ठेवलेली पेटी आपटती."



"त्या हाताला करंगळी न्हवती," सिताबाई म्हणाल्या. "ती कुठं गेली, ते तिथं कुणी इचारत नसतंय. लक्ष्मीबाई वारल्यावर खाली ठेवायला हात राहिला न्हाय. म्हून माझाच जात असंल."

वाळवणावर एक चिमणी बसली. सिद्धम्मा घरातूनच हाड् हाड् करत होती.

"म्हणजे," समृद्धी हळूच म्हणाली, "म्या नवी आले तवा माझ्या कळशीखाली तुमी हात घातला, ते..."

"कळशी लई आपटायचीस तू."

"मला वाटलं, तुमी मला टोचून दाखवताव. म्या आईला फोन करून रडले हुते, सासू भांड्याखाली हात घालती म्हणून."

"म्हाईत हाय. भिंती काय जाड हायत व्हय आपल्या."

समृद्धीने त्यांच्याकडे बघितलं. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता तिने डोळ्यांवर पदर धरला.

"दुखलं हुतं का ओ?"

"दुखायचं काय त्यात," सिताबाई उठत म्हणाल्या. "कळशी रिकामीच हुती."

शनिवारी समृद्धीने त्यांना बरोबर नेलं. एसटीत खिडकीची जागा मिळाली. जिना चढताना सिताबाई दोनदा थांबल्या. वर्गात आठ संगणक, दहा-बारा मुलं आणि भिंतीवर लावलेला मोठा पांढरा पडदा होता. राजशेखर सर चाळिशीचे, उमरग्याकडचे. घरात कानडी बोलणारा हा माणूस अकरा वर्षं पुण्यात काम करून परत आला होता. त्यांनी स्वतः खुर्ची आणून सिताबाईंना पुढे बसवलं.

पहिलं काम बसवेश नावाच्या मुलाचं होतं. त्याला बाहुलीऐवजी प्राणी करायची परवानगी मिळाली होती. पडद्यावर काळा चष्मा घातलेली म्हैस आली, तिने पाण्याची टाकी पाठीवर घेतली, नाचली आणि टाकी धाडकन खाली टाकली. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

"आज्जी, हसा की," बसवेश मागे वळून म्हणाला. "म्हस नाचतीय."

"नाचू दे बापा. पण चारी पाय एकदम उचलल्यावर ती उभी कशावर हाय?"

वर्गात हशा पिकला. सरांनी कपाळाला हात लावला. "अय्यो बसवेशा, मी महिनाभर हेच सांगतोय तुला. आज्जी, तुम्ही सोमवारपासून शिकवायला या."

मग समृद्धीचं नाव आलं. ती संगणकापाशी गेली तेव्हा तिच्या हातातली पेनड्राइव्ह दोनदा खाचेच्या बाजूला लागली. सिताबाईंनी मांडीवर हात घट्ट धरले.

सगळं मिळून बावीस सेकंदांचं होतं. करडी बाई आली. डोक्यावर पेटी, मान ताठ, पाय सपाट पडत होते. टाच आधी नाही, सगळा तळवा एकदम. चार पावलं झाली. तिने पेटी पोटाशी घेतली. श्वास सोडल्यासारखे तिचे खांदे उतरले. आणि डावा हात निघाला. तो पेटीच्या कितीतरी आधी जमिनीवर गेला, पालथा झाला आणि वाट बघत राहिला. वरून पेटी येत होती. उजवा दंड थरथरत होता, पाठीचा कणा एकेक मणक्याने वाकत होता, टाचा जमिनीत रुतत होत्या. पेटी बोटांवर आली. बोटं थोडी पसरली. मग एकेक करून निघाली आणि पेटी जमिनीवर राहिली. कुठलाही आवाज नव्हता.

सिताबाई खुर्चीत पुढे झुकल्या होत्या.

"ह्या हाताला बोटं चारच हायत," त्या म्हणाल्या.

"कार्टूनच्या बाहुलीला चारच असतात, आज्जी," सर म्हणाले. "करंगळी आम्ही काढूनच टाकतो. उगं एक बोट जास्त हलवत बसावं लागतं."

सिताबाईंनी मान हलवली. समृद्धी पडद्याजवळ उभी होती. तिने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि नजर खाली घेतली. बाहुली सरांचीच होती. तिने बोटांना हातही लावला नव्हता.

"परत एकदा लाव," सर म्हणाले.

तिने परत लावलं. संपल्यावर सर थोडा वेळ बोटांनी हनुवटी चोळत राहिले.

"वजन आलं," सर म्हणाले. "एवढं वजन ह्या वर्गात कुणी दाखवलं नाही. मला घाम आला ती पेटी खाली येईपर्यंत." ते थांबले. "पण मी काय मागितलं होतं?"

"टाकायला, सर."

"हं. हे मी मागितलं त्याच्यापेक्षा चांगलं आहे. पण मी मागितलेलं अजून आलं नाही. पुण्याच्या माणसाला ही बाई कोण, हे ठाऊक नाही. त्याला वाटेल, ह्या मुलीला टाकलेलं दाखवता येत नाही म्हणून ठेवलेलं दाखवलंय. तू तिला एकदा टाकू दे. पहिल्यांदा टाकू दे, दुसऱ्यांदा ठेवू दे. मग कळेल, टाकता येत असून ती ठेवतीय. मंगळवारी मी पाठवतोय. तोपर्यंत दे."

वर्ग सुटला. मुलांनी खुर्च्या भिंतीला लावल्या. एरवी ती ओढत नेत असतील. त्या दिवशी त्यांनी उचलून नेल्या, किंवा सिताबाईंना तसं वाटलं.

परतीच्या एसटीत समृद्धी मांडीवरची पिशवी धरून बसली होती. येरमाळा मागे पडल्यावर सिताबाईंनी विचारलं,

"मग?"

"मग काय. टाकून बघितल्याबिगर मला करता येत न्हाय. कसं पडतंय, ते डोळ्यांनी दिसावं लागतंय."

"तूच टाक की."

"टाकला, आत्या. काल तुमी दळण आणायला गेलाव तवा. पाच बार केलं." तिने आपले दोन्ही तळवे पिशवीवर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे परक्यासारखं बघितलं. "वाकूनच ठेवला म्या. हात ऐकत न्हाय."

सिताबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. सुनेला त्यांनी फार काही शिकवलं नव्हतं. भाकरी ती तेरहूनच शिकून आली होती, शिवण तिचं तिनेच शिकून घेतलं होतं. त्यांनी शिकवली ती एकच गोष्ट. शेडचा उंबरा कधी न ओलांडलेल्या मुलीच्या हातात त्यांनी शेड नेऊन ठेवली होती. रस्त्याच्या कडेला लांबवर माळ दिसू लागला आणि त्यावर एकटे एकटे उभे असलेले पत्रे उन्हात चमकले.

"शिकवणं सोपं असतंय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. समृद्धीला ऐकू गेलं नाही.

रविवारी घरात पाहुणे होते. सोमवारी सकाळी धनाजी व्हॅन घेऊन गेला. समृद्धीने भगुन्यात मोबाइल खोचला, तो चालू केला, आणि या वेळी डब्यात ज्वारी भरून, झाकण बसवून ती स्वतः त्याच्यामागे उभी राहिली. तिने डबा उचलला, पोटाशी घेतला आणि तशीच थांबली. तिची बोटं डब्याच्या कडेला पांढरी झाली होती.

"सर," सिताबाई म्हणाल्या.

"काय?"

"सर बाजूला. आण इकडं."

डबा त्यांनी तिच्या हातातून घेतला. कोपऱ्यात चेपलेला तो डबा पहिल्यापेक्षा जड वाटला. त्यांनी तो डोक्यावर घेतला, चार पावलं चालल्या, दोन्ही हातांनी उतरवला, पोटाशी धरला. मोबाइलकडे बघितलं नाही. खाली बघितलं.

फरशी मोकळी होती. सकाळीच पुसलेली, मधोमध एक तडा गेलेली. एवढ्या वर्षांत त्यांनी जेव्हा जेव्हा काही खाली ठेवलं, तेव्हा तेव्हा त्यांना तिथे एक हात दिसत आला होता. दिसतो आहे हेही त्यांना कळलं नव्हतं. आता त्यांनी नीट बघितलं. तो हात शनिवारी पांढऱ्या पडद्यावर होता, चार बोटं पसरून. इथे नव्हता.

त्यांचा डावा हात डब्यापासून सुटू लागला. त्यांनी तो परत डब्याला लावला. श्वास घेतला.

आणि दोन्ही हात उघडले.

आवाज इतका मोठा झाला की समृद्धीच्या तोंडून किंकाळी निघाली. झाकण उडून कपाटाला लागलं, डबा आडवा झाला आणि ज्वारी सळसळत फरशीभर पसरली, पाटाखाली गेली, उंबऱ्यापर्यंत गेली. फळीवरची ताटं थोडा वेळ वाजत राहिली. सिताबाईंचे खांदे वर उडून खाली आले होते आणि गुडघे अजून हलत होते.

समोरच्या घराचं दार धाडदिशी उघडलं. सिद्धम्मा ओल्या हातांनी अंगणात धावत आली होती.

"सिताबाई! ओ सिताबाई! काय झालं ओ? कोण पडलं?"

या घरातून असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

"कुणी पडलं न्हाय," सिताबाईंनी आतूनच सांगितलं. त्यांचा आवाज त्यांच्या नेहमीच्या आवाजापेक्षा मोठा निघाला. "डबा हाय. म्या टाकला."

"टाकला? कशापायी?"

समृद्धी भगुन्याजवळ गुडघ्यांवर बसली होती. एक हात तोंडावर, दुसऱ्या हातात मोबाइल.

"आलं का त्यात?" सिताबाईंनी विचारलं.

समृद्धीने होकाराची मान हलवली.

सिताबाई खाली बसल्या आणि दोन्ही ओंजळींनी ज्वारी डब्यात भरू लागल्या. अर्धी भरल्यावर त्या थांबल्या. वर बघून म्हणाल्या,

"परत टाकू का?"